रेट कमी करून घेतला तरी मालवाहतुकीच्या भाड्याचा खर्च परत वर का येतो? कुठून तपासायचं

आधी लक्षणं बघून घ्या, यातली तीन-चार जरी जुळली तरी पुढचं वाचायला हरकत नाही.

- ट्रान्सपोर्टरशी घासाघीस करून रेट खाली आणला, दोन-तीन महिने बरं चाललं, आणि आता आकडा परत होता तिथेच.
- विक्री तेवढीच आहे पण भाड्याचं बिल वाढतंय.
- बिलातलं वजन आणि आपल्या वजनकाट्यावरचं वजन जुळत नाही, आणि का जुळत नाही ते कुणालाच नीट सांगता येत नाही.
- महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गाड्याच मिळत नाहीत, मिळाल्या तर वाट्टेल त्या भावाने.
- "अर्जंट" हा शब्द रोज कानावर पडतो.
- बिलात वेटिंग, हॉल्टिंग, डिटेन्शन (गाडी किंवा कंटेनर अडकवून ठेवल्याचे पैसे), पुन्हा डिलिव्हरी असल्या ओळी वाढत चालल्यात.
- गाडी निघताना अर्धी रिकामी दिसते पण पैसे पूर्ण गाडीचे.

हा प्रॉब्लेम मी बऱ्याच ठिकाणी सोडवलाय आणि आता माझी पद्धत ठरलेली आहे, रेटची घासाघीस सगळ्यात शेवटी करायची. कारण रेट हा बहुतेक वेळा आजारच नसतो. पैसे गळतात ते आपल्या गोडाऊनच्या दारात, आपल्या खोक्याच्या मापात आणि आपल्याच ऑर्डर टाकायच्या सवयीत, आणि त्या जागा तशाच ठेवून रेट कितीही खाली आणला तरी गळती दुसऱ्या ओळीतून बाहेर येतेच. खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून महागड्या तपासणीपर्यंत आहे, तो मोडू नका, वरच्या पायऱ्या न करता खालच्यावर उडी मारलीत तर खाली मिळणारे आकडेच चुकीचे निघतात.

खर्च खरंच वाढलाय का

हास्यास्पद वाटेल पण इथूनच सुरुवात. एकूण भाडं बघू नका, भाडं भागिले किलो बघा, आणि तेही प्रत्येक रूटचं वेगळं. माल जास्त गेला तर बिल वाढणारच, तो बिघाड नाही. लांबच्या गिऱ्हाईकांचा वाटा वाढला असेल तरी सरासरी वर जाते, रेट मात्र जिथल्या तिथे असतो. म्हणून मागच्या वर्षीचा आणि या वर्षीचा तोच महिना घ्या, नेहमीचे मोठे रूट निवडा आणि एवढंच विचारा की याच रूटवर, एवढ्याच मालाला, किलोमागे जास्त पैसे गेले का. उत्तर "नाही" आलं तर भांडण ट्रान्सपोर्टरशी नाहीच, विक्रीवाल्यांनी कुठे माल विकलाय आणि केवढ्या ऑर्डरी घेतल्यात त्याच्याशी आहे.

समुद्रमार्गे माल येत-जात असेल तर बाजार पण बघून घ्या. 2023 च्या शेवटापासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बऱ्याच जहाज कंपन्यांनी सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली, प्रवास दहाएक दिवसांनी लांबला आणि भाडी सगळ्यांचीच वर गेली. अशा वेळी आपल्या गोडाऊनमध्ये दोष शोधत बसण्यात अर्थ नाही. कंटेनर भाड्याचे इंडेक्स दर आठवड्याला प्रसिद्ध होतात, आपली रेषा आणि त्यांची रेषा शेजारी ठेवा. दोन्ही एकत्र वर जातायत तर तो बाजार, आपलीच एकटी वर जातेय तर मग पुढे वाचा.

बिल आणि करार समोरासमोर

दुसरी फुकटची तपासणी. एका महिन्याची बिलं काढा, शेजारी रेट करार ठेवा आणि ओळ न् ओळ टिक करत जा. कंटाळवाणं काम आहे म्हणूनच कुणी करत नाही. बघायचं काय तर एकच बिल्टी (माल घेतल्याची ट्रान्सपोर्टरची पावती) दोनदा बिलात आलीय का, वजनाचा स्लॅब बरोबर लावलाय का, मिनिमम चार्ज लागू नसताना लागलाय का, आणि डिलिव्हरीची सही असलेली पावती जोडलीय का. मुद्दाम फसवणूक क्वचितच असते, बहुतेक वेळा ट्रान्सपोर्टरच्या क्लार्कने जुन्या रेटची शीट उघडलेली असते आणि आपल्याकडे कुणी बघत नाही म्हणून तीच चालू राहते.

यात फ्युएल सरचार्जची ओळ नीट बघा, ती वर चढते पण खाली उतरायची विसरते. आणि हिशोबही बऱ्याचदा उलटा असतो. समजा गाडी चालवायच्या एकूण खर्चात इंधनाचा वाटा 40 टक्के आहे आणि इंधन 10 टक्क्यांनी महाग झालं, तर भाडं 4 टक्क्यांनी वाढायला हवं, 10 टक्क्यांनी नाही. करारात इंधनाचा मूळ भाव कोणत्या तारखेचा, किती फरक पडल्यावर बदल होणार आणि कमी झाल्यावर पण तेच सूत्र लागू का, या तीन गोष्टी लिहिलेल्या नसतील तर ते आधी लिहून घ्या, यासाठी नवीन टेंडर वगैरे काही लागत नाही, एका मेलचं काम आहे.

खोक्याचं माप

इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण पैसे इथे असतात आणि कुणाला दिसत नाहीत.

कुरिअर आणि एअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त ते लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायचं, हा कुरिअरमधला नेहमीचा भाजक, एअर कार्गोत बऱ्याचदा 6000 असतो. आता 60 बाय 50 बाय 40 चं खोकं घ्या. गुणाकार 1,20,000, भागिले 5000 म्हणजे 24 किलो. आत माल आहे 11 किलोचा. म्हणजे उरलेले 13 किलो आपण हवेचं भाडं भरतोय, थर्माकोल आणि कागदाच्या गोळ्यांचं. तेच खोकं उंचीला 32 केलं तर 96,000 भागिले 5000, 19.2 किलो, वर राउंड करून 20 धरा. एक सुरी आणि एक पट्टी घेऊन केलेलं काम, आणि प्रत्येक खोक्यामागे चार किलो वाचले.

म्हणून करायचं काय तर सगळ्यात जास्त जाणारे वीस-पंचवीस आयटम घ्या, प्रत्येकाचं पॅक केलेलं खोकं टेपने मोजा आणि सिस्टिममध्ये जे माप टाकलंय त्याच्याशी ताडून बघा. सिस्टिममधली मापं बऱ्याचदा पॅकिंग बदलायच्या आधीची असतात. आणि खोकं फुगलेलं असेल तर मोजणारं मशीन फुगवट्यापासून मोजतं, पुठ्ठ्याच्या कडेपासून नाही, त्यामुळे टेप ओढून-ओढून बंद केलेलं खोकं हे आकारमानाच्या हिशोबात मोठं खोकं.

पॅलेटवर, म्हणजे खोकी रचायच्या पाटावर, पण हीच गंमत. 1200 बाय 1000 मिलिमीटरच्या पॅलेटवर 400 बाय 300 चे कार्टन एका थरात बरोबर 10 बसतात, सहा एका बाजूला आणि चार आडवे फिरवून, एक इंचही वाया जात नाही. तेच कार्टन कुणीतरी "जरा मोकळं असू द्या" म्हणून 420 बाय 310 चं केलं की पॅलेटच्या बाहेर न लोंबकळता 8 च बसतात. दोन सेंटीमीटर आणि एक सेंटीमीटर, एवढ्यात थरामागे दोन कार्टन गेले, म्हणजे पाचवा हिस्सा गाडी रिकामी. पॅकिंगवाल्याला हे माहीत नसतं कारण त्याला कुणी भाड्याचं बिल दाखवत नाही, आणि पर्चेसवाला खोकं पैशाने स्वस्त पडलं म्हणून खूश असतो.

समुद्रमार्गे पार्ट लोड, म्हणजे दुसऱ्यांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये, पाठवत असाल तर हिशोब वेगळा, तिथे 1 घनमीटर किंवा 1 टन यातलं जे जास्त ते. हलका माल असेल तर तिथेही घनमीटरच मारतो. साधारण 13 ते 15 घनमीटरच्या पुढे गेलात की पूर्ण 20 फुटी कंटेनरचा भाव काढून बघायचाच, आत अंदाजे 33 घनमीटर जागा असते आणि अर्ध्यापेक्षा कमी भरला तरी बऱ्याचदा तोच स्वस्त पडतो, शिवाय माल कमी वेळा हाताळला जातो म्हणून तुटफूटही कमी.

अर्जंट कोण मागवतंय

महिन्याभराची सगळी स्पेशल गाड्यांची आणि एअरची बिलं वेगळी काढा आणि प्रत्येकाच्या पुढे दोन गोष्टी लिहा, कुणी सांगितलं आणि का. "गिऱ्हाईकाला तातडीने हवं होतं" हे कारण म्हणून धरायचं नाही, त्याच्या मागचं कारण लिहायचं. यादी झाली की दिसतं की अर्जंटची कारणं दहा नसतात, दोन-तीनच असतात आणि तीच फिरून-फिरून येतात. एका ठिकाणी जवळपास सगळी एअरची बिलं एकाच कच्च्या मालाची होती, कारण सप्लायरचा माल यायचा वेळ वाढला होता आणि सिस्टिममध्ये किमान स्टॉकचा आकडा जुन्या वेळेप्रमाणेच पडून होता. त्यात ट्रान्सपोर्टर काय करणार बिचारा. आकडा बदलला, विमानं थांबली.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे महिनाअखेर. टार्गेट गाठायला सगळा माल शेवटच्या चार-पाच दिवसांत बाहेर काढायचा, आणि बाजारात सगळेच तेच करत असल्यामुळे गाडीचा भाव तेव्हाच चढलेला. यावर उपाय लॉजिस्टिक्सकडे नाही हे आधी मान्य करा, तो सेल्सच्या इन्सेंटिव्हमध्ये आहे. पण निदान त्या दिवसांत किलोमागे किती जास्त गेले तो आकडा महिन्याच्या मीटिंगमध्ये सेल्सच्या नावासमोर लिहायला लागा, बोलणं आपोआप सुरू होतं.

गाडी दारात किती वेळ उभी राहते

गेटवरचं रजिस्टर घ्या. गाडी आत आली ती वेळ, लोडिंग सुरू, लोडिंग संपलं, गाडी बाहेर पडली. चार रकाने. बहुतेक ठिकाणी पहिला आणि शेवटचाच लिहिलेला असतो आणि मधल्या दोन वेळा नसल्यामुळे उशीर कुठे होतो ते कळतच नाही. आठवडाभर चारही वेळा लिहा आणि मग बघा.

मला जे सारखं दिसतं ते असं की गाडी तासाभरात भरून होते, ताडपत्री बांधून होते, ड्रायव्हर खाली उतरून उभा, आणि कागद निघत नाहीत, कारण बिल काढणारा माणूस एकच आणि त्याच्यापुढे पाच गाड्यांची चळत. किंवा सगळ्या गाड्या सकाळी एकाच वेळी बोलावलेल्या, फोर्कलिफ्ट एक, त्यामुळे शेवटच्या गाडीचा नंबर दुपारी. यात हॉल्टिंगचा जो चार्ज बिलात दिसतो तो छोटा भाग, खरा खर्च न दिसणारा असतो. ज्या गोडाऊनला गाडी अडकते तिथला रेट ट्रान्सपोर्टर पुढच्या वेळी गुपचूप चढवूनच सांगतो, आणि चांगले ड्रायव्हर तिथे यायला तयार होत नाहीत. गाड्यांना तासाचे स्लॉट द्या, कागद लोडिंग चालू असतानाच तयार करा, पैसा न लागता होणारं काम आहे.

कंटेनर असतील तर इथेच डेमरेज आणि डिटेन्शन बघा. कंटेनर पोर्टवर फुकटच्या दिवसांपेक्षा जास्त पडला तर डेमरेज, बाहेर काढून रिकामा परत करायला उशीर झाला तर डिटेन्शन, आणि दोन्हीचे दर जसजसे दिवस जातात तसे टप्प्याटप्प्याने वाढतात. बऱ्याचदा उशीर कागदाचा असतो, जहाजाचा नाही. पॅकिंग लिस्ट आणि इन्व्हॉइसमधलं वजन जुळत नाही, किंवा मूळ बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीचा मालाचा कागद, जो दाखवून माल सोडवतात) बँकेत अडकलंय, असलं काहीतरी. माल निघायच्या आधी कागदांचे ड्राफ्ट मागवून तपासायचे, जहाज पोचल्यावर नाही.

गाडी भरतेय का

गाडी दोन तऱ्हेने भरते, वजनाने किंवा जागेने. जड माल असेल तर वजन संपतं आणि वर जागा उरते, हलका असेल तर जागा संपते आणि वजन उरतं. निघणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दोन टक्केवाऱ्या लिहून काढा, वजन किती टक्के, जागा किती टक्के. दोन्ही साठच्या आसपास असतील तर गाडी मोठी बोलावली जातेय किंवा ऑर्डरी लहान आहेत. एक नव्वद आणि एक चाळीस असेल तर जड खाली आणि हलका वर असा माल एकत्र करता येतो का बघा. हे करताना गाडीच्या मंजूर वजनाच्या वर एक किलोही जायचं नाही, आणि वजन एकाच एक्सलवर पण येऊ द्यायचं नाही, ओव्हरलोडमध्ये वाचवलेलं भाडं दंड, टायर आणि अपघातात निघून जातं आणि विमावाला हात वर करतो.

ऑर्डरी लहान असतील तर उपाय म्हणजे डिस्पॅचचे दिवस ठरवणं. एका भागातल्या गिऱ्हाईकांना रोज थोडं-थोडं पाठवण्यापेक्षा आठवड्यातून ठरलेले दोन दिवस. सेल्सवाले ओरडतील की गिऱ्हाईक तुटेल, पण गिऱ्हाईकाला विचारून बघा, त्याला बहुतेक वेळा माल लवकर नको असतो, ज्या दिवशी सांगितला त्या दिवशी हवा असतो. इथे एक सांभाळायचं, माल एकत्र करायच्या नादात स्टॉक वाढतो आणि त्यात अडकलेल्या पैशाचं व्याज भाड्याच्या बचतीपेक्षा जास्त होऊ शकतं. महाग आणि लहान वस्तूंना हा उपाय लावू नका.

भाडं कोण ठरवतंय

येणाऱ्या मालाचं भाडं सप्लायर "आमच्याकडून" म्हणत असेल तर ते किमतीत घातलेलं आहे, कुणी फुकट आणून देत नाही. मोठ्या सप्लायरकडून दोन कोट मागवा, भाड्यासकट आणि भाड्याशिवाय. आयातीत तर हे नक्कीच करा. इन्कोटर्म्स 2020 मध्ये, म्हणजे कुठपर्यंतचा खर्च आणि जोखीम कुणाची हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियमांत, 11 अटी आहेत, त्यातल्या सीआयएफसारख्या (किंमत, विमा आणि भाडं एकत्र) अटीत समुद्राचं भाडं विकणारा भरतो म्हणून स्वस्त वाटतं, पण फॉरवर्डर (माल पाठवायची सगळी व्यवस्था करणारा एजंट) त्याचा असतो आणि आपल्या बाजूच्या पोर्टवरचे चार्ज काय लागणार ते माल पोचल्यावर कळतं, तेव्हा घासाघीस करायला जागाच नसते. एफसीएचा, म्हणजे तिकडे आपल्या वाहतूकदाराच्या ताब्यात माल देईपर्यंतचा, भाव घ्या, आपल्या फॉरवर्डरकडून दारापर्यंतचा कोट घ्या, बेरीज करा. कधी सीआयएफच स्वस्त निघतं, तसं निघालं तर ते ठेवा, फक्त पोर्टवरचे चार्ज आधी लिहून घ्या.

आता रेट

इथपर्यंत सगळं केलं असेल तर आता ट्रान्सपोर्टरला बोलवा, कारण आता हातात आकडे आहेत आणि देण्यासारखं काहीतरी आहे. दोन तासांत गाडी सोडतो, डिस्पॅचचे दिवस ठरलेले आहेत, पेमेंट अमुक दिवसांत, हे सांगितलं की रेट न रडता खाली येतो. त्याला विचारा की परत येताना गाडी रिकामी येते का, कारण रिकाम्या फेरीचे पैसे आपल्याच रेटमध्ये असतात. आपल्याच सप्लायरचा माल त्या बाजूने यायचा असेल तर दोन्ही फेऱ्या एकाला द्या.

आणि सगळ्यात स्वस्त कोटवाल्याला सगळं काम देऊ नका. बाजार चढला की तो गाडी नाकारतो, मग आपण फोनवर स्पॉट भावाने, म्हणजे त्या दिवशीच्या बाजारभावाने, दुसरी शोधतो, आणि करारातला स्वस्त रेट कागदावरच राहतो. सुरुवातीला सांगितलेलं ते "दोन-तीन महिन्यांनी आकडा परत तिथेच" बऱ्याचदा हेच असतं. दहा गाड्या मागितल्या तर किती दिल्या हे दर आठवड्याला लिहा. नकार वाढायला लागले की त्याचा रेट टिकणारा नव्हता एवढं समजून घ्या आणि दोन नंबरवाल्याला काम वाढवा.

इथे थांबा, माणूस बोलवा

गोडाऊन हलवायचं, नवीन उघडायचं, रस्त्यावरून रेल्वेवर किंवा समुद्रावर जायचं, हे एक्सेलमध्ये रविवारी बसून ठरवू नका. गोडाऊन कुठे आणि माल कुठून कसा न्यायचा याचं, म्हणजे नेटवर्कचं, मॉडेल करणारी माणसं असतात, त्यांना पैसे द्या, पण वरच्या पायऱ्या करून स्वच्छ झालेला डेटा द्या, नाहीतर ते चुकीच्या मापांवर सुंदर नकाशा काढून देतील.

केमिकल, बॅटरी, स्प्रे, गॅस, यातलं काहीही असेल तर पॅकिंग किंवा वाहतुकीचा प्रकार बदलायच्या आधी धोकादायक मालाचं ट्रेनिंग घेतलेला माणूस लागतोच. लिथियम बॅटरीचं खोकं लहान करायला आपण स्वतः जायचं नाही. कस्टममधला कोड किंवा ड्युटीचा प्रश्न असेल तर कस्टम ब्रोकर. माल खराब होऊन आला असेल तर पावतीवर तसा शेरा मारा, फोटो काढा, विमा कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत माल हलवू नका, ट्रान्सपोर्टरशी आपसात मिटवायला गेलात तर क्लेम अडकू शकतो.

बिलं खूप असतील, अनेक देशांतली असतील, तर फ्रेट ऑडिटवाले, म्हणजे भाड्याची बिलं तपासून देणारे, बघा. त्यातले बरेच जण परत मिळवून दिलेल्या रकमेवर टक्केवारी घेतात, त्यामुळे चुकीची बिलं ते मन लावून शोधतात, पण खोकं मोठं आहे किंवा गाडी दारात अडकते हे सांगण्यात त्यांना काही मिळत नाही, ते आपल्यालाच बघायचंय.

आणि सगळ्या पायऱ्या करून, बाजाराचा इंडेक्स सपाट असताना, तोच माल आणि तोच रूट असताना किलोमागचा आकडा सलग तीन महिने वरच जात असेल तर मग बाहेरचा सल्लागार बोलवायला हरकत नाही, त्याला पहिल्या दिवशी गेटचं रजिस्टर, खोक्यांची मापं आणि अर्जंटची यादी या तीन गोष्टी द्या.